माझ्यामागून जी वाचील

रत्नागिरी, ९ ऑगस्ट २०२५

ताई,

पाकिटाच्या मागे माझं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव दिसलं असतं तर तू ते न उघडताच ठेवून दिलं असतंस. ही फसवणूकच झाली, म्हणून आधी सांगून टाकते: मी शमिका. आता फाडायचं असेल तर फाड. बाबांच्या बाराव्याला तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि नाशिकला पोचल्यावर माझा नंबर बंद करून टाकलास, त्याला चार वर्षं झाली. तुझा पत्ता श्रद्धावहिनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला तीन वेळा विचारलं तेव्हा दिला.

मी आता रत्नागिरीत असते. एका जुन्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची यादी करायचं काम मिळालंय. सणावारी आणि सुट्टीला संध्याकाळच्या जयगड गाडीने घरी जाते, पहाटेच्या गाडीने परत येते. काम मला आवडतं. प्रत्येक पुस्तकाची पानं मोजायची, फाटलेली किती, कुरतडलेली किती, ते लिहायचं. इथले लोक हसतात, कारण मी पानं दोनदा मोजते.

मागच्या मंगळवारी कपाटाच्या तळाशी एक पुस्तक मिळालं. पुठ्ठा नाही, पाठीला खळ लावलेलं कापड. पहिली ओळ वाचली आणि पुढची मला न बघताच येत होती. तुलाही येईल. आपल्या ओटीवरच्या फडताळात लाल कापडात बांधलेली असते ती. जिला हात लावायच्या आधी आप्पाकाका पाय धुवायला लावायचे. जिच्यावरून त्यांनी आपल्याला अक्षरं शिकवली.

ताई, ती पोथी नाही. ती कादंबरी आहे.

‘मौनद्वार, एक अद्भुत कादंबरी’, सन १९११, रत्नागिरीतच छापलेली, किंमत बारा आणे. लेखकाचं नाव नाही, फक्त ‘एक कोकणवासी’. आपल्या प्रतीला पुढची चार पानं नाहीत आणि शेवटचं प्रकरण नाही. आप्पा म्हणायचे वाळवीने खाल्लं. या प्रतीला सगळं आहे. प्रस्तावनेतलं जसंच्या तसं उतरवून घेतलं:

‘या गोष्टींतील विधि कोणत्याही शास्त्रांत शोधूं नयेत. गेल्या चातुर्मासांत पावसामुळें घराबाहेर पडणें अशक्य झालें असतां केवळ वेळ घालविण्याकरितां ते मीं रचिले आहेत. वाचकांनीं घटकाभर भ्यावें आणि दिवा मोठा करून निजावें, एवढाच हेतु.’

म्हणजे समुद्रात हरवलेल्या माणसाच्या चपला उंबऱ्यावर आतल्या बाजूला वळवून ठेवायच्या, हे कुणीतरी पावसात बसून कंटाळून लिहिलेलं. आपल्या घराचं बघून वाडीतल्या आणखी तीन घरांनी ते धरलं. गेल्या वर्षी पुण्याहून एक बाई कॅमेरा घेऊन आल्या होत्या. त्यांनी अनिलदादाच्या चपलांचा फोटो काढला आणि वहीत ‘कोकणातील प्राचीन प्रथा’ असं लिहून घेतलं. त्यांना चहा मीच दिला.

तुला हे सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

घरी सगळे बरे आहेत. काल नारळी पौर्णिमेला आप्पांनी यंदाही नारळ सोडला नाही. त्यांचा अनिलदादा समुद्रात हरवल्यापासून आपल्या घरातून समुद्राला काही द्यायचं नाही, ते तसंच चालू आहे. हौसाकाकूचे गुडघे दुखतात. दर्शनदादा बंदरात शिफ्टला जातो. त्याची नि श्रद्धावहिनीची राही सहा वर्षांची झाली, फार हुशार आहे, घरीच शिकते. माझं लग्न मार्गशीर्षात ठरतंय. मुलगा जयगडचाच, गुरुप्रसाद नाव. चांगला आहे असं वाटतं.

अनिलदादाला परत बोलवायचं अवसेचं वाचन अजून होतं. मी बसते.

शमिका


रत्नागिरी, २३ ऑगस्ट २०२५

ताई,

मागच्या पत्रात मी ‘मी बसते’ असं लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते मनाला लागून राहिलंय. मी बसत नाही, मी वाचते. तुझ्यानंतर प्रत्येक अवसेला मीच वाचत आलेय, परीक्षा असल्या तरी, ताप असला तरी. आणि ‘राही घरीच शिकते’ हेसुद्धा अर्धंच लिहिलं. तिला मी शिकवलं. आप्पांनी सांगितलं म्हणून सुट्टीच्या दिवशी ओटीवर बसवून त्याच पोथीवरून तिचा हात धरून गिरवून घेतलं. मला ते आवडत होतं. तिचा हात ऊन असतो.

ती शाळेत जात नाही, ताई. जूनमध्ये नाव घातलं नाही. शाळेतल्या परब बाई दोनदा ओढ्यावरचा साकव ओलांडून विचारायला आल्या. आप्पांनी त्यांना आंबापोळी दिली आणि म्हणाले, पोर नाजूक आहे, बघू पुढे. माझ्या वेळी ते हेच म्हणायचे. मी नऊ वर्षांची होईपर्यंत नाजूक होते आणि नऊ पूर्ण झाल्यावर एकदम चौथीत बसण्याइतकी धडधाकट झाले. तेव्हा साकव नव्हता, पऱ्याला पाणी असायचं, त्यामुळे मला ते खरं वाटायचं. आप्पांचं माझ्यावर जास्त प्रेम आहे असं मी समजत होते.

पुस्तकात अकराव्या प्रकरणात लिहिलंय, पण आपल्याला ते प्रकरण कधी वाचू दिलं नाही. आपण फक्त आवाहनाची आठ पानं वाचायचो. अकराव्यात साधू त्या खोताला सांगतो की वाचणारी मुलगी घरचीच हवी, नऊ वर्षांपर्यंत तिला घराबाहेरच्या कुणी अक्षर शिकवलेलं नसावं, ती कधी खोटं बोललेली नसावी, आणि तिचं लग्न झालं की तिच्या जागी दुसरी हवी. दुसरीने आधी शेजारी बसून साक्ष द्यायची. सर्वपित्रीच्या अवसेला साक्ष खरी झाली की ती पुढची वाचक.

वाडीत शाळा नव्हती म्हणून आप्पा सगळ्यांनाच घरी शिकवायचे, तेव्हा तू आयतीच सापडलीस. मला मात्र त्यांनी ठरवून घडवलं.

काल दिवेलागणीला वाचन झालं. तुला आठवतं तसंच, मागच्या पायऱ्यांवर, खाडीकडे तोंड करून. समई, तांब्या, अनिलदादाचा शर्ट. वीस वर्षं होऊन गेली, पण काकू तो अजून नीट घडी करून आणते. काल माझ्या शेजारी राहीला बसवलं होतं. मी वाचत गेले आणि ती ओळींवरून बोट फिरवत गेली. तिचं बोट माझ्या आवाजाच्या थोडं पुढे असायचं. संपल्यावर आप्पांनी तिला विचारलं, “बरोबर वाचलंन काय गो?” ती म्हणाली, हो. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझं लग्न ठरतंय म्हणून हे सगळं. ती सर्वपित्री महिन्याभरावर आहे.

शेवटचं प्रकरण मी आज दुपारी वाचलं. खोताचा मुलगा परत येतो. ओला, न बोलता येतो आणि आपल्या पाटावर जेवायला बसतो. कुणी विचारत नाही की वाचणारी मुलगी कुठे गेली. कुणाला तिचं नाव आठवत नाही. सकाळी उंबऱ्यावर तिच्या चपला असतात, बाहेरच्या बाजूला वळलेल्या. कादंबरी तिथेच संपते.

हे सगळं खोटं आहे, करमणुकीसाठी लिहिलंय, हे मला ठाऊक आहे. प्रस्तावना मी रोज एकदा वाचते. पण या प्रतीत आवाहनाच्या पानांच्या समासात पेन्सिलीने नावं लिहिलेली आहेत. निरनिराळी अक्षरं आहेत, काही मोडीत. मोडी मला धड येत नाही, मी जुळवून वाचलं. कृष्णी, शके १८४१. यमी. द्वारकी. आणि एक नाव खोडलेलं, इतकं दाबून की कागद फाटलाय. प्रत्येक नाव एकाच ओळीपाशी. यादीत मी ‘समासात लेखन, पेन्सिल’ एवढंच लिहिलं.

आपलं एकच घर नव्हतं, ताई.

शमिका


रत्नागिरी, ८ सप्टेंबर २०२५

ताई,

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण रोज खोलीवर पोचल्यावर आधी दाराखाली बघते.

गणपतीला सगळे घरी होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, परवा रविवारी नाही, काल, माझा घोळ होतोय, काल रविवारी, मी पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. वाचनालयाचं पुस्तक असं बाहेर न्यायची परवानगी नाही. आज सकाळी जागेवर ठेवलं. कुणाला कळलं नाही, तरी तुला सांगते.

आप्पा दगडी गडग्यापाशी सुपाऱ्या सोलत होते. मी त्यांना प्रस्तावना वाचून दाखवली. मला वाटलं होतं की ते चिडतील, किंवा खचतील. दोन्हींची मी तयारी केली होती. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, सुपारी सोलायची थांबली नाही. मग म्हणाले, “लिवणाऱ्याला काय ठाऊक असतं गो, आपण काय लिवतोय ते.”

मी म्हटलं, आप्पा, त्यांनी स्वतःच लिहिलंय की हे रचलेलं आहे.

“गाऱ्हाणं पण कुणीतरी रचलेलंच असतं. देव ऐकतो ना?”

 त्यांच्यासमोर मला उत्तर कधीच सुचत नाही, कारण बोलायला त्यांनीच शिकवलंय. मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं, शेवटचं प्रकरण वाळवीने खाल्लं का?

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “शेवटचं पान मला पाठ आहे, शमे.” आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. मुलगा पाटावर बसतो तिथपासून चपलांपर्यंत, एकही शब्द न चुकता. त्यांचा आवाज मऊ होता, आपल्याला पाढे म्हणून दाखवायचे तसा. म्हणून झाल्यावर त्यांनी सुपाऱ्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. मी सोलायला बसले. ताई, मी खरंच बसले.

रात्री दादाशी बोलले. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा दारू पीत होते तेव्हा आपल्याला आप्पांनी जेवायला घातलं, म्हाताऱ्याचा एवढा एक नाद आहे, त्यात कुणाचं काय जातं? राही पुढच्या वर्षी जाईल शाळेत. वहिनी राहीच्या अंगावर पांघरूण घालत होती. मग म्हणाली, “तुम्ही वाचायचं बंद करा ना.” मी आप्पांना तेही सांगून पाहिलं. ते म्हणाले, “तू नाय वाचलंस तर राही वाचील. तिला येतं आता.” खरंच येतं. मीच शिकवलंय.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहिते. सहा वर्षांची होते, हे कारण म्हणून सांगत नाही. राहीही सहाचीच आहे.

तू वाचायचीस आणि मी तुझ्या शेजारी बोट फिरवायचे. त्या सर्वपित्रीला आप्पांनी मला विचारलं, बरोबर वाचलंन काय. आणि मी म्हटलं, “ताईने एक ओळ सोडली.” त्यांनी विचारलं, आजच? मी म्हटलं, नाही, नेहमी सोडते. मला वाटलं मी शहाण्यासारखं वागले. आप्पांनीच शिकवलं होतं की खरं बोलावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू माझ्याकडे बघितलंस. रडली नाहीस. दोन दिवसांनी तुला मामीकडे संगमेश्वरला पाठवलं. तुझं सामान एका पिशवीत मावलं. गाडी सुटेपर्यंत घरातलं कुणी तुझ्याशी बोललं नाही, कारण तुझ्यामुळे अनिलदादा दोन वर्षं वाटेत अडकून राहिला असं आप्पा म्हणाले होते. दहा वर्षांच्या मुलीला.

मी तुला कधी सॉरी म्हटलं नाही. बाबांच्या बाराव्याला म्हणणार होते, तेव्हा तू भांडी घासत होतीस आणि मला वाटलं, हात ओले आहेत, नंतर म्हणू.

शमिका


रत्नागिरी, १६ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दाराखाली होतं. मी आधी ते टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि मग वाचलं. अक्षर तुझं तेच आहे, काना अजून वाकडा.

‘कुठली ओळ, ते कधी बघितलंस का?’

एवढंच. नाव नाही, सही नाही. मला राग आला, खरं सांगते. मी तीन पत्रं लिहिली आणि तू एक ओळ. मग मी वाचनालयात गेले.

ताई, मी कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं मी ती ओळ म्हणत आलेय आणि तिचा अर्थ मनात आणला नाही. पाठ झालेल्याचा अर्थ कोण बघतं? सातवं पान. ‘ये, तुझें पाऊल उंबऱ्याकडे वळलें आहे. मी वाचितें ती तुझी.’ आणि तिच्या खाली, एकटीच असलेली ओळ: ‘माझ्यामागून जी वाचील तीही तुझी.’

त्या पेन्सिलीच्या नावांपाशी हीच ओळ आहे. प्रत्येकीने आपलं नाव लिहिलंय असं मला वाटलं होतं. आता बघितलं तर नावांचं अक्षर मोठ्या माणसाचं आहे, पोरींचं नाही. घरातल्या कुणीतरी पुढचीचं नाव लिहून ठेवलेलं आहे.

तू पहिली ओळ वाचायचीस. ‘मी तुझी’ हे तू दर अवसेला स्पष्ट म्हणायचीस, मला तुझा आवाज आठवतो. फक्त ही दुसरी सोडायचीस. तुझ्या मागून वाचणारी तुझ्या शेजारी बसलेली होती, ओळीवर बोट ठेवून. तिनेच तुला पकडून दिलं.

मी मघापासून तीन वेळा लिहायला बसले. याच्यापुढे काय लिहायचं ते मला कळत नाही.

आणि मी ती ओळ सोडली नाही. राही जन्मली त्या महिन्यातसुद्धा म्हटली. माझं वाचन बिनचूक असतं, आप्पा लोकांना सांगतात.

हे सगळं एका माणसाने पावसात वेळ जात नाही म्हणून लिहिलं. हे मी स्वतःला सांगते. पण पायऱ्यांवर बसलं की ते तसं राहत नाही. गेल्या अवसेला भरतीचं पाणी पाचव्या पायरीला होतं, मी वाचून उठले तेव्हा तिसरीला. भरती चढतेच, मला ठाऊक आहे. मी दुसऱ्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघितलं. त्या वेळी ओहोटी होती. मी वेळापत्रक चुकीचं वाचलं असेन.

येत्या रविवारी सर्वपित्री. मी ती ओळ सोडणार आहे. पण राही शेजारी असेल, तिचं बोट पुढे असतं, तिला कळेल. आप्पा विचारतील. ती खरं बोलली की तिची साक्ष खरी ठरली, मग ती वाचक झाली. मी ओळ सोडून उपयोग काय, पुढच्या अवसेपासून तीच वाचेल. तिला आधीच सांगून ठेवू का, की आप्पांनी विचारलं तर हो म्हण? दोन दिवस हेच चाललंय. तिला खोटं बोलायला मी शिकवायचं? तिला आजपर्यंत जे जे आलंय ते मी शिकवलेलं आहे. हेही मीच शिकवलं तर ते माझंच खोटं झालं, तिचं नाही, आणि ती सहा वर्षांची आहे, आप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं की ती सगळं सांगून टाकेल, आत्याने सांगितलं म्हणून.

तू मला सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते का? मला वाटत नाही.

शमिका


वाडी, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ताई,

हे मी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. आज कामावर गेले नाही. कळवलंय.

राहीला मी काही सांगितलं नाही. शनिवारभर तिच्याजवळ होते, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तिला पेरू कापून दिला.

काल घरात नेहमीसारखी पानं वाढली. पणजोबांचं, आजीचं, बाबांचं. अनिलदादाचं नाही, कारण तो गेलेला नाही, यायचा आहे. काकूने दर वर्षीसारखं विचारलं, त्याचंही वाढू का, आणि दर वर्षीसारखी आप्पांनी नकाराची मान हलवली.

दिवेलागणीला खाली गेलो. भरती होती. आप्पा वरच्या पायरीवर, मी आणि राही दुसरीवर. दादाची शिफ्ट होती, वहिनी दारात उभी. मी वाचायला लागले. माझा आवाज कापत नव्हता, याचीच मला भीती वाटत होती. सातवं पान आलं. ‘मी वाचितें ती तुझी’ हे म्हटलं. तू म्हणायचीस तसं, स्पष्ट. आणि पुढची ओळ सोडून तिच्या खालची घेतली.

राहीचं बोट थांबलं. त्या ओळीवरच. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी वाचत राहिले. अर्ध्या पानानंतर तिचं बोट पुन्हा माझ्या आवाजापाशी आलं.

संपल्यावर आप्पांनी विचारलं, “बरोबर वाचलंन काय गो आत्याने?”

तिने पोथीकडे बघितलं. पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, “हो.”

“एकूण एक ओळ?”

“हो आप्पा. एकूण एक.” आणि तिने पोथी मिटली. तिला कुणी मिटायला सांगितलं नव्हतं.

आप्पांना ती आठ पानं पाठ आहेत, ताई. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही इतकी वर्षं? शेवटचं प्रकरण ज्याला पाठ आहे त्याला आवाहन नसेल का पाठ? तुझी सोडलेली ओळ त्यांना पहिल्या अवसेपासून कळत होती. ते दोन वर्षं गप्प राहिले. वाट बघत होते, शेजारी बसलेली कधी सांगते त्याची. परीक्षा तुझी नव्हती. माझी होती, आणि मी पास झाले.

ते बराच वेळ राहीकडे बघत होते. मला वाटलं मारतील. मी तिच्या पुढे सरकले. पण ते एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, “लबाड आहे ही. हिचा उपयोग नाय. घाला शाळेत.”

मग मला विचारलं, “आणि तू? कधीपासून सोडतंस?”

मी म्हटलं, आजच. ते खरं होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं.

“ओळ सोडून पोरीने काय केलं माझ्या पोराचं?” ते म्हणाले. तुझ्याबद्दल म्हणत होते की माझ्याबद्दल, मला कळलं नाही. ते मला विचारत होते असंही वाटलं नाही. खाडीकडे बघून बोलत होते.

तेवढ्यात काकू खाली आली. गुडघ्यांमुळे एकेक पायरी बसून उतरत. तिच्या हातात वाढलेलं पान होतं, वडे, खीर, सगळं. तिने ते आप्पांच्या समोरून नेलं आणि गडग्यावर ठेवलं. म्हणाली, “एकवीस वर्षं उपाशी ठेवलंत त्याला.” तेवढंच. मग वर गेली आणि उंबऱ्यावरच्या चपला तिने बाहेर वळवल्या.  कावळा यायची वेळ निघून गेली होती. पान तिथेच राहिलं.

झोपताना मी राहीला विचारलं, तुला कळलं होतं ना मी ओळ सोडली ते? म्हणाली, हो, एकटी ओळ होती. मग हो का म्हणालीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला काहीच कळत नाही. म्हणाली, “तुला ओरडले असते ना.”

ताई, इतकं साधं होतं ते. मला ते तेव्हा सुचलं नाही.

आज सकाळी सगळ्यात आधी मी दार उघडलं. गडग्यावरचं पान साफ होतं, कुत्रं आलं असेल, किंवा मुंगूस. उंबऱ्यावर अनिलदादाच्या चपला परत आत वळलेल्या. त्या ओल्या होत्या. रात्री पाऊस पडला नाही. आणि त्यांच्या शेजारी माझ्या, काल मागच्या दारी काढलेल्या, बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलेल्या. नीट, जोडीने. आप्पांच्या खोलीचं दार बंद होतं. काकू चुलीपाशी होती, तिला विचारलं नाही. कुणी ठेवल्या हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

बाहेर वळलेल्या चपला घालायला सोप्या असतात. मी त्या घातल्या. राहीला उठवलं, वेणी घातली. वहिनीने डबा आधीच भरून ठेवला होता. साकव ओलांडला. मी मागे बघितलं नाही. राही चारदा बघत होती, तिला कुणी सोडायला येतंय का ते हवं होतं.

परब बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं. मग पाटी दिली आणि काय येतं ते लिही म्हणाल्या. राहीने सगळी बाराखडी लिहिली. बाई म्हणाल्या, छान येतंय की, पण ‘ण’ जुन्या वळणाचा काढतेस. असा काढ. त्यांनी तिचा हात धरला आणि गिरवून घेतला. मी खिडकीतून बघत होते. घराबाहेरचा हात. आप्पांना आता मनात आणूनही ती परत मिळणार नाही.

माझं काय ते मला माहीत नाही. पहिली ओळ मी म्हटलेली आहे, शेकडो वेळा, आणि कालही म्हटली. लेखकाने ती पावसात बसून रचली आणि मी ती खरेपणाने वाचली. यातलं काय मोजलं जातं ते कुणाला विचारू? मी आज घरी परत जाणार नाही. राहीला वहिनी न्यायला येणार आहे. साडेबाराला संगमेश्वरची गाडी आहे, तिथून नाशिकची मिळेल असं कंडक्टर म्हणाला. तुझ्या दारात येऊन उभी राहीन. उघडलं नाहीस तर समजेन. पण तू मला नावाने हाक मारून बघ, दारातूनच. तुला माझं नाव आठवतंय एवढं मला ऐकायचंय.

हे पत्र माझ्याआधी पोचणार नाही. तरी टाकते, कारण लिहिलंय.

शाळा सुटायला वेळ आहे. व्हरांड्याच्या पायरीखाली पोरांनी चपला काढल्यात. चाळीसेक असतील, कशाही पडलेल्या. एक आत, एक बाहेर, एक उलटी, एकीवर एक. माझ्या त्यांतच कुठेतरी आहेत.

शमिका